समोरून येणारा बगळा

२ नोव्हेंबर

आमच्या यांनी सांगितलं, रोज लिहायचं. उजेड कसा होता, शटरचा स्पीड किती ठेवला, फोटो कशानं बिघडला. "लिहिलं नाहीस तर तीच चूक रोज नव्यानं करशील." मी म्हटलं, चूक करायला मला वही लागत नाही. पण लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. असू दे. वाचणार कोण आहे?

आधी झालं काय ते लिहून टाकते. आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, वाढदिवस. फोटो काढणार हे, बाकी सगळं मी. पोरांची नाकं पुसायची, कॉलर सरळ करायची, हसत नसेल त्याला हसवायचं, फार हसत असेल त्याला दटावायचं. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यामुळे दुकानात आम्ही दोघं आणि पंखा. गाळ्याची अर्धी मालकी धाकट्या दिराची. त्याला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचंय. भाऊ म्हणून थांबलाय, पण किती दिवस थांबेल?

त्यात ही ऑर्डर आली. नवीन हाडांचं हॉस्पिटल होतंय, तिथल्या डॉक्टरीणबाईंना बसायच्या हॉलची एक भिंत भरून फोटो हवाय. एकच पक्षी, उडणारा, समोरून येणारा. "पाठमोरा नको हं," म्हणाल्या, "आधीच माणूस पाय मोडून बसलेला असतो. त्याला वाटायला नको की पक्षीसुद्धा सोडून चालला." यांनी छाती फुगवून हो म्हटलं, भिंतीचं माप घ्यायला गेले आणि तिथल्याच पायऱ्यांवरून पडले. भर दुपारी. पायऱ्या कोऱ्या करकरीत, पांढऱ्याशुभ्र, पाण्याचा थेंब नाही. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटल उघडायच्या आधी पहिला पेशंट आमचा.

बाईंनी प्लास्टर घातलं. पण म्हणाल्या, उद्घाटन पंधरा डिसेंबरला आहे, ते हलणार नाही. दीर बघायला आला होता. तो म्हणाला, "दादा, सरळ सांग त्यांना, जमणार नाही. आणि मग दुकानाचं काय ते आपण बोलू." ऑर्डर पूर्ण झाली तर तो वर्षभर गाळ्याचा विषय काढणार नाही, नाही झाली तर गाळा त्याचा. असं ठरत होतं, माझ्यासमोर, जसं मी तिथं नाहीच.

मी म्हटलं, फोटो मी काढते.

दोघं भाऊ असे बघायला लागले की जणू मी ऑपरेशन करते म्हणाले.

४ नोव्हेंबर

पंपहाऊसमागच्या तळ्यावर गेले. उजाडता उजाडता. बगळे होते. लांब लेन्स लावलेला तो कॅमेरा म्हणजे भरलेली कळशी गळ्यात बांधल्यासारखं.

आतून बघितलं तर सगळं धुक्यात. बगळा म्हणजे वाळत घातलेला टॉवेल. लेन्सची रिंग फिरव फिरव फिरवली, डोळ्याला जरा बरं दिसेपर्यंत. तोपर्यंत बगळा दुसऱ्या गावाला.

घरी आल्यावर यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नाक स्क्रीनला टेकेल एवढे पुढे झाले. पाणी. पाणी. आभाळ. बगळ्याचे पाय. आभाळ.

"सगळे आउट," म्हणाले. आउट म्हणजे फोकस नाही.

मी म्हटलं, आत दिसतच नाही नीट. तर म्हणाले, तसंच असतं, सवय होईल. आणि डोळा लावायच्या जागेशेजारी एक बारीक चाक आहे, त्याला हात लावायचा नाही, ते त्यांनी बरोबर लावून ठेवलंय. मी कशाला लावू? मला चाकाशी काय करायचंय, मला पक्ष्याशी करायचंय.

७ नोव्हेंबर

रोज तेच. आउट, आउट, आउट.

आज मात्र चूक सापडली. यांनी विचारलं, "रिंग फिरवतेस का हातानं?" म्हटलं, हो मग. "अगं बाई," म्हणाले, "फोकस कॅमेरा करतो. तू नाही. तू फक्त पक्ष्याला आत दिसणाऱ्या ठिपक्यात धर, बटण अर्धं दाब, आणि त्याला सोडू नकोस." हे चार दिवसांपूर्वी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "इतकं साधं सांगावं लागेल असं वाटलं नाही." मनगट मोडलेलं नसतं तर मी मोडलं असतं.

उद्यापासून गल्लीत सराव. पक्षी नंतर.

१० नोव्हेंबर

गल्लीच्या तोंडाशी उभी राहून समोरून येणाऱ्या सायकली, स्कूटर धरते. पुढच्या चाकावर ठिपका ठेवायचा, लांब असतानाच पकडायचं आणि जवळ येईपर्यंत सोडायचं नाही. आडवं जाणारं सोपं असतं, समोरून येणारं अवघड. कारण ते दर क्षणाला जवळ येतं आणि कॅमेऱ्याला धावत मागं यावं लागतं. पाय रोवायचे, वळायचं ते कमरेतून. कोपर पोटाला चिकटून.

लोकांना वाटतं मी पोलिसांची माणूस आहे. एकानं मला बघून घाईघाईनं हेल्मेट घातलं. एक म्हणाला, "ताई, लायसन घरी राहिलंय." मी म्हटलं, घेऊन ये जा, आणि याच रस्त्यानं ये, हळू. आला बिचारा. त्याचा फोटो चांगला आला असं मला वाटलं.

हे म्हणाले, आउट.

१३ नोव्हेंबर

दीर आला होता. विचारतो, "वहिनी, किती झाले फोटो?"

"काढलेले खूप आहेत."

"आणि पास झालेले?"

मी लेन्स पुसायला घेतली. तो हसला. "दादा अंपायर झालाय. दिसला बॅट्समन की बोट वर."

जाताना दारात थांबून म्हणाला, "वहिनी, दादा माझ्यावर चिडलाय का? परवा चौकात समोरून आला, मी हात केला, तर सरळ निघून गेला. ओळखसुद्धा दाखवली नाही." मी म्हटलं, चिडणारच. गाळ्यावर नजर ठेवायची आणि वर हात करायचा. गप्प बसून राग धरायची यांची सवयच आहे, मी तीस वर्षं बघतेय.

१८ नोव्हेंबर

स्पीड दोन हजार, म्हणजे शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात मिटतं. उजेड स्वच्छ, मागून. पांढरं जळू नये, म्हणजे पिसं जाऊन नुसता पांढरा डाग उरू नये, म्हणून उजेड थोडा कमी घेतला, कारण बगळा पांढरा आणि मागची झाडी काळी, कॅमेरा गोंधळतो. हे सगळं मला आता न विचारता येतं.

आज एक मिळाला. थोडा तिरका, पण येणारा. स्क्रीनवर मोठा करून बघितला, मानेवरची पिसं मोजता आली असती. मी ओरडलेच, अहो या लवकर.

ते आले. वाकले. बराच वेळ बघितलं. डोकं जरा उजवीकडे वळवलं, मग डावीकडे.

"आउट आहे गं."

"पिसं दिसतायत की!"

"तुला दिसतायत. भिंतीवर एवढा मोठा केल्यावर काय उघडं पडेल ते तुला माहीत नाही."

आता यावर काय बोलणार? धंदा त्यांचा. मी कॉलरी सरळ करणारी. मला मेलीला सगळंच छान दिसतं. काढून टाकला कार्डावरून. बिघडलेलं साठवून ठेवायचा मला तिटकारा आहे, फ्रिजमध्ये असो नाहीतर कार्डात. कार्ड रोज रिकामं करते आणि दुसऱ्या दिवशी कोरं घेऊन जाते.

२१ नोव्हेंबर

तळ्यावर फार वारा. काही नाही.

घरी चहा ओतताना यांनी अर्धा कपाबाहेर ओतला. डाव्या हाताची सवय नाही. पेपरसुद्धा मलाच वाचून दाखवायला लावतात, एका हातानं धरता येत नाही म्हणून. आज अर्धं पान वाचून झाल्यावर मी म्हटलं, मी पक्षी धरू का पेपर धरू? तर म्हणाले, "मथळे वाच फक्त." लाडावून ठेवलंय मीच.

२५ नोव्हेंबर

आज लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

एक बगळा पलीकडच्या काठावरून उठला. मला लांबूनच कळलं की हा इकडे येणार. ठिपका त्याच्या डोक्यावर ठेवला आणि चिकटून राहिले. तो मोठा होत आला, होत आला, पंख वर उचलले, पायांवरून पाणी गळत होतं. मी श्वास सोडला नाही. बोट दाबूनच ठेवलं.

घरी येईपर्यंत कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघितलंसुद्धा नाही, इतकी खात्री होती. कॉम्प्युटरवर उघडला. समोरून येणारा. डोळा पिवळा, मधे काळा ठिपका. चोचीच्या टोकाशी थेंब.

हे आज फार वेळ बघत बसले. मग मला विचारलं, "तुला काय दिसतं?"

मी सांगितलं. डोळा, थेंब, सगळं.

माउसवर हात ठेवून नुसते बसले. मग म्हणाले, "नाही गं. मला आउटच वाटतो. असा गेला तर माझं नाव जाईल."

मी रडले नाही. काढून टाकला आणि भांडी घासली. एका पातेल्याला पोचा आला.

पण सोडणार नाही. ज्याला चांगला म्हणतात तसला फोटो काढून यांच्या नाकासमोर धरल्याशिवाय मी थांबणार नाही. माझी चूक नसेल तर लेन्स बिघडली असेल. एवढे दिवस हात स्थिर, उजेड चांगला, स्पीड बरोबर, आणि तरी आउट म्हणजे काय? उद्या-परवा छपाईवाल्याला दाखवते. मोठा फोटो त्याच्याचकडे छापायचाय, त्याला लेन्सातलंही कळतं.

२८ नोव्हेंबर

छपाईवाल्याकडे गेले. आज सकाळचे फोटो कार्डात होते. बगळे होते पण सगळे पाठमोरे किंवा आडवे. म्हटलं, हे बघ आणि सांग लेन्सात बुरशी आहे का काय आहे.

त्यानं मोठे करून बघितले. "काकू, यात बिघडलंय काय?"

"आउट आहेत."

"कोण म्हणतं?"

"आमचे हे."

तो हसायला लागला, त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग माझं तोंड बघून थांबला. "काकू, मी रोज फोटो छापतो. हे शार्प आहेत. याच्याहून शार्प करायचे तर बगळा कापून आणावा लागेल."

मग त्यानं कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि लगेच बाजूला केला. "हे काय करून ठेवलंय? तुम्ही यातून बघता कसं?" ते बारीक चाक त्यानं फिरवलं. बरंच फिरवलं. "टोकाला नेऊन ठेवलं होतं. बघा आता."

मी बघितलं. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी, पाटीवरचे खिळे, खिळ्यांचा गंज. गेले कितीतरी दिवस मी आंधळ्यासारखी फोटो काढत होते.

"हे चाक असतं कशाला?"

"ज्याची नजर जशी, तसं लावायचं. चष्म्याच्या नंबरासारखं. पण टोकाला लावूनसुद्धा ज्याला पुरत नसेल त्याला तर..." आणि तो छपाईच्या मशीनकडे वळला. यांना तो वीस वर्षं ओळखतो.

चालत घरी निघाले. चालता चालता रस्त्यात मधेच उभी राहिले. मागून एक सायकलवाला ओरडला, "मावशी, झोपलात का?" झोपलेच होते. पांढऱ्या पायऱ्या. कपाबाहेरचा चहा. चौकात हात करणारा दीर. पेपर. मी तीस वर्षं लोकांच्या कॉलरी बघत आले आणि घरातल्या माणसाचे डोळे बघितले नाहीत.

घरी आले. कॉम्प्युटर लावला आणि म्हटलं, या, आजचे बघा. पहिला खराखुरा आउट असलेला दाखवला. "आउट." दुसरा चांगला दाखवला. "आउट." तिसरं नुसतं आभाळ होतं, बटण चुकून दाबलं गेलेलं.

वाकले, डोकं वळवून बघितलं. "हा जरा बरा आहे. पण आउटच."

मी म्हटलं, "अहो, यात पक्षीच नाहीये."

ते खुर्चीत मागे टेकले आणि प्लास्टरचा हात मांडीवर घेतला, जसं काही तो दुखायला लागलाय.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"वर्ष झालं. जास्तच. कॅमेरा आपोआप फोकस करायचा, मी भरवशावर बटण दाबायचो. मला वाटायचं, थोडं आहे, जाईल."

मी खूप बोलले. ते सगळं लिहीत नाही, वही जळेल. शेवटी विचारलं, मग एवढे दिवस मला नाचवलं कशाला? छान आहे म्हणून टाकायचं होतं, सुटलो असतो सगळे. कोणी अडवलं होतं?

तर म्हणाले, "न दिसता छान आहे कसं म्हणू?"

मी कॉम्प्युटर बंद केला.

२९ नोव्हेंबर

कार्ड घेऊन पळत छपाईवाल्याकडे गेले. म्हटलं, पंचवीस तारखेचा बगळा परत मिळतो का बघ. त्यानं मशीनला लावून सगळे उपाय केले. म्हणाला, रोज त्यावर नवीन फोटो काढलेत, जुन्याच्या जागी नवीन बसलेत. सापडले ते अर्धेमुर्धे, खाली बगळ्याचे पाय आणि वर करड्या पट्ट्या.

बरं. गेला तर गेला. तो मीच काढला होता, दुसराही मीच काढेन.

१ डिसेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. येत नव्हते. म्हटलं, चला नाहीतर दिराला बोलावते उचलायला.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढता येईल. डाव्याचा मागचा पडदा गेलाय, तो परत येणार नाही. डॉक्टर म्हणाले, "आधी यायला हवं होतं." हे मला कोणीही सांगू शकलं असतं. उजव्याचं ऑपरेशन एकोणीस तारखेला.

बाहेर येऊन बाकावर बसले. म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस. ज्याला दिसत नाही त्याचा फोटो स्टुडिओ, लोक हसतील. तो तर दुसऱ्या दिवशी पाटी उतरवेल."

मी म्हटलं, लपवून काय मिळालं ते बघतेय ना मी.

२ डिसेंबर

दिराला सांगितलं. फोनवर नाही, त्याच्या घरी जाऊन. तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी चौकात..."

"हो."

"आणि मी आठवडाभर त्याला शिव्या घातल्या."

मी म्हटलं, घातल्या तर घातल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत. आता तुझी अट आहे तशीच राहू दे. दया नको. फोटो झाला तर दुकान आमचं, नाही झाला तर तुझं. फक्त सकाळी मला स्कूटरवरून तळ्यावर सोड. तो कॅमेरा गळ्यात घेऊन चालून माझी मान उंटासारखी झालीय.

५ डिसेंबर

धुकं. तिसरा दिवस. बगळे काठावर मान आत घालून उभे, जसे बँकेतले लोक. कॅमेरा धुक्यात काही धरत नाही, लेन्स पुढे मागे, पुढे मागे नुसती घुरघुरते.

दीर म्हणाला, "वहिनी, पलीकडून दगड मारू का? उडतील तरी."

खबरदार, म्हटलं. उडवलेला पक्षी पाठ दाखवून पळतो. स्वतःहून उठला तर वाऱ्याकडे तोंड करून उठतो. मला तोंड पाहिजे.

"हे दादानं शिकवलं?"

"त्यांनी सांगितलं, बगळ्यानं शिकवलं."

७ डिसेंबर

आज हेही आले. मी नको म्हटलं होतं. दिराच्या मागे बसून आधी ते आले, मग दुसऱ्या खेपेला मी. पंपहाऊसच्या कट्ट्यावर बसवलं. थंडीत नाक लाल. दोघं भाऊ शेजारी बसून एक शब्द बोलत नव्हते. मग मी लांबून बघितलं तर दीर आपला मफलर काढून यांच्या गळ्यात गुंडाळत होता आणि हे चिडून हात झटकत होते.

धुकं विरळ झालं पण बगळे सगळे माझ्यापासून लांब जाणारे. मी चिडून पाय आपटला. तर कट्ट्यावरून हे ओरडले, "अगं, वारा कुठल्या गालाला लागतोय?"

"म्हणजे?"

"मला उजव्या गालाला लागतोय. काल डाव्या बाजूनं होता असं तूच म्हणालीस. वारा फिरलाय आणि तू कालच्याच जागी उभी आहेस. पाठीला वारा येईल तिथं जा!"

मूर्ख मी. त्यांना म्हटलं नाही तसं. तळ्याला वळसा घालून गेले, तोपर्यंत उजेड गेला होता. पण उद्याची जागा कळली.

९ डिसेंबर

मिळाला.

वारा पाठीला. उजेड डावीकडून, जरा पातळ, म्हणून स्पीड सोळाशेवर आणावा लागला. एक बगळा पलीकडून उठला, पाण्यावरून खालून खालून आला, आणि माझ्यासमोर आल्यावर वर चढला. ठिपका डोक्यावर. या वेळी आत सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे मला उलट भीती वाटली. धूसर दिसत होतं तेव्हा चूक कॅमेऱ्याची होती. आता झाली तर माझी.

दोन फोटो कामाचे. घरी आल्यावर कॉम्प्युटरसमोर मी बसले आणि हे शेजारच्या स्टुलावर. पहिल्यांदाच असे बसलो.

"सांग," म्हणाले.

"पहिला चोचीपासून शेपटीपर्यंत धारदार. पण मान वळवलीय, दुसरीकडेच बघतोय. दुसरा सरळ आपल्यावर येतोय. पंख वर. पण उजव्या पंखाचं टोक हललंय."

"किती?"

"टोकाच्या पिसांची दोन-दोन पिसं दिसतात एवढं."

"डोळा?"

"डोळा लख्ख."

"लख्ख म्हणजे काय? मला लख्ख म्हणून सांगू नकोस. काय दिसतं ते सांग."

"बुबुळाची कडा दिसते. डोळ्यापासून चोचीपर्यंतची कातडी हिरवट आहे, तिच्यावरच्या सुरकुत्या दिसतात. कपाळावरची पिसं एकेक वेगळी."

त्यांनी डोळे मिटले होते. "मान?"

"धारदार."

"छाती?"

"ती पण. पांढरं जळालेलं नाही, पिसांच्या ओळी दिसतात."

"मग? कुठला द्यायचा?"

मी वाट बघत राहिले. मग लक्षात आलं की ते ठरवत नाहीयेत, मला विचारतायत. दुकानात नवा पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा हेसुद्धा या माणसानं मला कधी विचारलं नव्हतं.

पहिला दिला तर कोणी चूक काढू शकणार नाही. दुसरा दिला तर छपाईवाल्यासारखा कोणीही टोकावर बोट ठेवेल. पण पहिला बगळा कुणाकडेच येत नाही.

"दुसरा," मी म्हटलं.

"टोक हललेलं असताना?"

"पंख हलवल्याशिवाय उडेल कसा? डोळा आहे. दुसरा द्यायचा."

"खात्री आहे?"

"मला दिसतंय, अहो."

हे जरा लागलं असेल त्यांना. पण मान हलवली. "मग पाठव."

१५ डिसेंबर

उद्घाटन झालं. भाषणं लांबली, एकाही भाषणात बगळ्याचा उल्लेख नाही.

फोटो भिंतीवर आहे. दारातून आत गेलं की तो अंगावर येतो. एक आजीबाई चाकाच्या खुर्चीतून आत येत होत्या, त्यांनी पटकन हात डोक्यावर धरला आणि मग स्वतःच खुदकन हसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला हाच पाहिजे होता." दीर बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभा होता. मग मला म्हणाला, "वहिनी, वर्षभर गाळ्याबद्दल बोलायचं नाही असं कबूल केलं होतं मी. तुमच्या पासपोर्ट फोटोच्या बाजूला एक कपाट मोबाइलच्या कव्हरांचं ठेवलं तर ते गाळ्याबद्दल बोलणं होतं का?" म्हटलं, होतं. पण विचार करीन.

पंखाच्या टोकावर कोणीही बोट ठेवलं नाही. मला त्याची भीती होती आणि ती फुकट गेली. पण मी जवळ गेले तेव्हा वेगळंच दिसलं. पाय. मागे ताणलेले पाय. एवढ्याशा स्क्रीनवर मला ते बरे वाटले होते. भिंतीवर माझ्या हाताएवढे झालेत आणि दोन्ही पावलं मऊ पडलीत. आउट.

माझा सगळा आनंद गेला. हे भिंतीपासून दोन पावलांवर उभे होते, डोकं थोडं वळवून, त्यांना मोठं मोठं पांढरं काहीतरी दिसत होतं म्हणे, आणि ते खूश होते. मी त्यांच्या कानात सांगितलं, "पाय आउट आहेत."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मलाच दिसले."

ते हसायला लागले. गेल्या कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते. चार माणसं वळून बघायला लागली. मी कोपरानं ढोसलं, अहो, हॉस्पिटल आहे.

"कोणाला दिसले नाहीत आणि तुलाच टोचले," म्हणाले, "झालं तुझं कल्याण. आता एकही फोटो सुखानं बघायची नाहीस."

हसायला काय झालं? मी काय हसण्यासारखं बोलले? स्पीड सोळाशे कमी पडला, खरं म्हणजे दोन हजार हवा होता, आणि अर्धा तास थांबले असते तर उजेड मिळाला असता. घाई माझी.

बाईंना विचारलं, पुढेमागे हा काढून दुसरा लावता येतो का? त्या म्हणाल्या, अहो, याला काय झालंय? म्हटलं, काही नाही, सहज विचारलं.

ऑपरेशन एकोणीसला. त्याआधी तीन सकाळी आहेत माझ्याकडे. दिराला साडेसहाला यायला सांगितलंय. पायांसकट धारदार असा एक बगळा मी काढून ठेवणार आहे, आणि पट्टी सुटली की माझं तोंड बघायच्या आधी यांना तो बघायला लावणार आहे. तेव्हा आउट म्हणाले तर एक शब्द न बोलता मान्य करीन.